वाटणी झाली, वाट राहिली: ऊसपट्ट्यातल्या एका शेतरस्त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या बागायती पट्ट्यातलं गाव. ओळख पटू नये म्हणून क्षेत्र आणि वर्षं थोडी इकडेतिकडे केली आहेत. दोन भावांच्या सामाईक मालकीचा सुमारे २ हेक्टर ४० आरचा एक गट. उत्तरेला गावरस्ता, दक्षिणेला ओढा, पूर्वेला आणि पश्चिमेला दुसऱ्यांची शेतं. विहीर रस्त्याच्या अंगाला. विहिरीपासून निघालेली गाडीवाट गटाच्या पोटातून तिरकी ओढ्याकडे जायची.

२००९ मध्ये भावांनी नोंदणीकृत वाटणीपत्र केलं. रस्त्याकडचा निम्मा तुकडा थोरल्याकडे, ओढ्याकडचा निम्मा धाकट्याकडे. ओढ्याकडची माती काळी आणि कसदार, म्हणून धाकट्यानं तो तुकडा खुशीनं घेतला. या धाकट्यांना पुढे काका म्हणू. गावही त्यांना काकाच म्हणतं.

वाटणीपत्र बघण्यासारखं आहे. विहिरीच्या पाण्याची पाळी, मोटारीच्या वीजबिलाचा निम्मा-निम्मा वाटा, काकांची पाइपलाइन थोरल्याच्या हिश्श्यातून जाईल, हे सगळं त्यात आहे. शेवटी ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ ही ठरलेली माळही आहे. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर ते कोणाचं, याची तजवीज झाली. काकांनी स्वतःच्या शेतात जायचं कुठून, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. लिहिणाऱ्याला आणि लिहून घेणाऱ्यांना त्याची गरजच वाटली नाही. भाऊ भावाला अडवतो कशाला?

अडचण

थोरला भाऊ वारल्यावर त्याच्या मुलानं, म्हणजे काकांच्या पुतण्यानं, २०२१ मध्ये रस्त्याकडचा तुकडा विकला. घेणारे पुण्यात राहणारे, मूळचे शेतकरी कुटुंबातले, निवृत्तीनंतर फळबाग लावायच्या विचाराचे गृहस्थ. त्यांनी ३० वर्षांचा शोध अहवाल काढला होता, सातबारा तपासला होता. ‘इतर हक्क’ रकान्यात रस्त्याची नोंद नव्हती आणि गावनकाशावर या गटातून जाणारी तुटक रेषाही नव्हती. खरेदीखतात पुतण्यानं जमीन निर्वेध आणि बोजारहित असल्याचं लिहून दिलं.

जून २०२२ मध्ये त्यांनी सिमेंटचे खांब रोवून तारेचं कुंपण घातलं आणि फाटकाला कुलूप लावलं. सुरुवातीला किल्ली शेजारच्या घरात असायची. काकांना मागावी लागे, पण मिळे. पुढे आंब्याची रोपं लागली, ती नेमकी गाडीवाटेवर, आणि किल्ली मिळायची बंद झाली. काका भेटायला गेले तेव्हा गृहस्थ म्हणाले, “काका, मी कागद बघून जमीन घेतली. कागदात रस्ता नाही. तुमच्या पुतण्याला विचारा.” पुतण्या फोन उचलत नव्हता.

काकांच्या शेतात आडसाली ऊस उभा होता. टोळी डोक्यावर मोळ्या घेऊन बांधावरून येईल, पण ट्रॅक्टर-ट्रॉली शेताच्या तोंडाशी लागल्याशिवाय कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीचं बघणारा माणूस, तोडीचं नाव काढत नाही.

पहिलं पाऊल: तहसील कार्यालय

नोव्हेंबरच्या अखेरीस काकांनी तहसीलदारांकडे अर्ज केला. अर्जाच्या डोक्यावर ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ कलम १४३ व मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ कलम ५ अन्वये’ असं दोन्ही लिहिलेलं होतं. मागणी अशी: ‘जुना रस्ता खुला करून द्यावा किंवा नवीन रस्ता मंजूर करावा.’ तहसीलच्या आवारात असे अर्ज रोज टाइप होतात. दोन्ही कलमं घातली की एखादं तरी लागू पडेल, असा हिशेब असतो.

हिशेब उलटा पडतो. कलम १४३ आहे दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट मागण्यासाठी. ज्याला वाटच नाही त्याच्यासाठी ते आहे. मामलेदार अधिनियमाचं कलम ५ आहे वापरात असलेली वाट कुणी अडवली तर तो अडथळा दूर करण्यासाठी, आणि अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. एकाच कागदावर दोन्ही मागितलं की समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो: अर्जदार स्वतःच नवीन रस्ता मागतो आहे, म्हणजे जुना नव्हता हे त्याला कबूल आहे. इथे हेच झालं.

तरीही काकांचं एक पाऊल बरोबर पडलं होतं. सहा महिन्यांची मुदत त्यांनी पाळली. पाडवा होऊ दे, मग बघू, असं करत मुदत घालवणारे पक्षकार पुष्कळ असतात, आणि मग त्यांना दिवाणी न्यायालयाशिवाय थारा राहत नाही.

तहसीलदारांनी स्थळ पाहणी केली. पंचनाम्यात रोपांच्या मधोमध चाकोरीच्या जुन्या खुणा, घट्ट झालेली जमीन, आणि फाटकाजवळ ट्रॉलीच्या घसटीनं सालपटलेलं लिंबाचं झाड अशा नोंदी आल्या. जानेवारीत कलम ५ खाली वाट खुली करण्याचा आदेश झाला. या आदेशावर अपील नसतं, पण कलम २३ प्रमाणे फेरतपासणी होते. गृहस्थ प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, गेले आणि आदेशाला स्थगिती मिळाली. फेब्रुवारी उजाडला होता. उसाला तुरा आला होता.

हंगामापुरती वाट: कागदावरचे चार शब्द

या टप्प्यावर काका आमच्याकडे, म्हणजे वकिलाकडे, आले. त्यांच्या हातात एक टाइप केलेला कागद होता. गृहस्थ स्वभावानं वाईट नव्हते. उभा ऊस वाळावा असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी निरोप धाडला होता: रोपं बाजूला घेतो, यंदाचा ऊस माझ्या फाटकातून न्या, फक्त या कागदावर सही करा.

कागदावर होतं: ‘सदर मिळकतीतून जाण्या-येण्याचा मला कोणताही हक्क नसून मालकांच्या परवानगीने चालू हंगामापुरता ऊस नेत आहे.’

काका सही करायला तयार होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: “ऊस गेला की पुढचं पुढं.” उसाचं वजन घटत होतं, कारखाना महिन्याभरात बंद होणार होता, आणि सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं होतं. बाहेरून बघणाऱ्याला सही न करणं हटवादी वाटेल. पण परवानगीनं जाणं आणि हक्कानं जाणं यांत कायदा मोठा फरक करतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ खालची परवानगी ही मर्जीची गोष्ट आहे. ठरावीक अपवाद सोडले तर देणारा ती काढून घेऊ शकतो, आणि जमीन दुसऱ्याला विकली तर नव्या मालकाला ती बांधत नाही. सुविधाधिकार, म्हणजे आपल्या जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला हक्क, जमिनीला चिकटलेला असतो, मालक कोणी का असेना. ‘मला कोणताही हक्क नसून’ हे चार शब्द पुढच्या प्रत्येक न्यायालयात काकांच्या उलटतपासणीत पहिला प्रश्न म्हणून आले असते.

दुसरीकडे, नुसतं ‘सही करू नका’ म्हणून चालणार नव्हतं. म्हणून मजकूर बदलून परत पाठवला: ‘उभय पक्षांच्या हक्कांना व चालू प्रकरणातील म्हणण्याला कोणतीही बाधा न येता, फक्त चालू गळीत हंगामातील ऊस वाहतुकीसाठी तात्पुरती सोय.’ गृहस्थांच्या वकिलांनी एक दिवस घेतला आणि होकार दिला. ऊस गेला. वजन घटलं ते घटलंच, पण हक्काचा प्रश्न शाबूत राहिला. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो, दाव्यातला कुठलाही युक्तिवाद नव्हे.

हक्काचं मूळ कुठे

आता दिवाणी दावा लावायचा तर हक्क कशाच्या जोरावर सांगायचा? काका, त्यांची मुलं, गावातले जाणते, सगळ्यांचं एकच उत्तर: वहिवाट. “आज्यापासनं इथनंच जातोय.”

ऐकायला हे भक्कम वाटतं, पण या प्रकरणात ते सगळ्यात कच्चं होतं. दीर्घ वहिवाटीनं हक्क मिळवायचा तर सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे २० वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापर हवा, आणि ती २० वर्षं दाव्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली हवीत. २००९ पूर्वी हा गट दोघा भावांचा एकत्र होता. स्वतःच्या जमिनीतून माणूस जातो तो मालक म्हणून. मालकाला स्वतःच्याच जमिनीवर सुविधाधिकार मिळत नाही. म्हणजे आज्यापासूनची सगळी वर्षं हिशेबातून बाद. मोजणी वाटणीनंतर सुरू होते आणि ती जेमतेम १३ वर्षं भरते.

शिवाय अशा दाव्यात मोघम लिहून भागत नाही. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हक्क नाकारला, कारण वापर केव्हापासून आहे हे दाव्यात स्पष्ट मांडलेलंच नव्हतं आणि जायला दुसरी वाटही होती. आमचा दावा चालू असतानाच, एप्रिल २०२४ मध्ये, त्याच न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका रस्त्याच्या वादात पुन्हा सांगितलं की ‘गेली अनेक वर्षे’ एवढं म्हटल्यानं २० वर्षं सिद्ध होत नाहीत.

मग मूळ कुठे? ज्या वाटणीपत्रात रस्त्याचा शब्द नाही, त्या वाटणीतच. त्याच अधिनियमाचं कलम १३ सांगतं की सामाईक मिळकतीची वाटणी झाली आणि एकाच्या हिश्श्याचा उपभोग घ्यायला दुसऱ्याच्या हिश्श्यावरून जाणं आवश्यक असेल, तर तो हक्क त्याला मिळतोच. त्याला २० वर्षं लागत नाहीत, वाटणी अमलात आली त्या दिवशी तो जन्मतो.

कलम १३ मध्ये वाटणीसाठी दोन खंड आहेत. एकात दिसणारी आणि अखंड चालणारी सोय वाटणीच्या वेळी होती तशी पुढे चालते, जोवर वेगळा इरादा दिसत नाही तोवर. पण जाण्या-येण्याचा हक्क कायद्याच्या भाषेत अखंड नसतो. माणसाची हालचाल झाली तरच तो वापरला जातो. त्यामुळे तो खंड आमच्या कामाचा नव्हता. उरला आवश्यकतेचा खंड. त्यात ‘वेगळा इरादा’ हा अपवाद लिहिलेला नाही. ‘पाण्याचं लिहिलं, रस्त्याचं लिहिलं नाही, म्हणजे रस्ता द्यायचाच नव्हता’ हा गृहस्थांच्या बाजूचा युक्तिवाद त्यामुळे बोथट झाला. किंमत मात्र मोजावी लागते: आवश्यकता पुरी हवी. सोयीची, जवळची, सवयीची वाट एवढ्यावर भागत नाही. दुसरी कायदेशीर वाट असेल तर दावा तिथेच संपतो.

आणि खरेदीदाराला माहीत नव्हतं त्याचं काय? हक्क जमिनीवर असल्यामुळे तो जमिनीबरोबर त्यांच्याकडे आला. त्यांची तक्रार असायचीच तर ती निर्वेध लिहून देणाऱ्या पुतण्याविरुद्ध.

समोरचे पर्याय

प्रांतांकडची फेरतपासणी लढवत बसणं हा एक मार्ग होता. आदेश कायम झाला असता तरी तो दिवाणी न्यायालय वेगळं ठरवेपर्यंतचाच. कलम १४३ खाली स्वतंत्र अर्ज करून बांधावरून रस्ता मागणं दुसरा. शेतकऱ्याला शेतात जाण्याची रास्त सोय हवी, हे तहसीलदारांनी तिथे लक्षात घ्यायचं असतं. पण त्या निर्णयाविरुद्ध वर्षभरात दिवाणी दावा लावता येतो, म्हणजे फिरून तिथेच. पट्टा विकत घेण्याचाही विषय निघाला. गृहस्थांनी सांगितलेला भाव ऐकून काका उठूनच गेले.

दिवाणी दाव्याचं ठरलं: कलम १३ खालच्या हक्काची घोषणा, अडथळा काढण्याचा आणि पुढे अडथळा न करण्याचा मनाई हुकूम. रस्त्याच्या पट्ट्यावर मालकी सांगायची नाही, हे काकांच्या थोरल्या मुलाला बराच वेळ पटत नव्हतं. “आमचीच जमीन होती की!” पण मालकी आणि सुविधाधिकार ही दोन वेगळी म्हणणी आहेत. एक मांडून दुसऱ्याची दाद मागता येत नाही, आणि दोन्ही एकत्र रेटली की दोन्ही ढिली पडतात.

कमिशनरचा नकाशा आणि वजनाच्या पावत्या

गृहस्थांचा खरा बचाव होता ओढ्याकडची पाऊलवाट. पूर्वेच्या शेजाऱ्याच्या बांधावरून काकांकडची माणसं, शेरडं जात होती, हे त्यांनी फोटोंसह मांडलं. पर्यायी वाट आहे, मग आवश्यकता कसली?

न्यायालयानं जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमला आणि भूमी अभिलेखच्या भूमापकाकडून मोजणी झाली. नकाशावर दिसलं ते असं: ओढ्यावर कुठे उतार नाही, काठ उभा आहे, आणि पाऊलवाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. शेजाऱ्यानं साक्षीत सांगितलं, “माणसं जातात, मी काही बोलत नाही. गाडी घालू देणार नाही.” तो उद्या नाही म्हणाला तर काकांकडे काही उरत नाही. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चालणारी वाट कायद्यानं पर्याय धरता येत नाही, हे म्हणणं न्यायालयानं तात्पुरत्या मनाईच्या टप्प्यावर मान्य केलं.

दुसरा मुद्दा रुंदीचा. आवश्यकतेचा हक्क कलम २८ प्रमाणे तो निर्माण झाला त्या वेळच्या गरजेइतकाच असतो. गृहस्थांचे वकील म्हणाले, २००९ मध्ये बैलगाडी होती, ट्रॉली कुठून आली? इथे काकांच्या पत्र्याच्या पेटीनं काम केलं. २००९-१० च्या हंगामातल्या कारखान्याच्या वजनपावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, आणि वाहन प्रकारासमोर ‘ट्रॅक्टर’ छापलेलं होतं. तोंडी साक्षीदारांनी तासभर जे सांगितलं, त्याहून त्या पिवळ्या पडलेल्या पावत्या जास्त बोलल्या.

तडजोड

तात्पुरती मनाई काकांच्या बाजूनं मिळाल्यावर बोलणी सुरू झाली. तेव्हा काकांच्या घरी मत पडलं की आता जिंकतोच आहोत, कशाला तडजोड? त्यांना कलम ४१ समजावून सांगावं लागलं. आवश्यकतेचा हक्क आवश्यकता असेपर्यंतच जगतो. उद्या काकांनी किंवा मुलांनी शेजारचा एखादा रस्त्याला लागणारा तुकडा घेतला, तर हा हक्क संपतो. करारानं दिलेल्या हक्काचं तसं नाही. गरज संपली म्हणून तो आपोआप जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे जिंकलेल्या हुकूमनाम्यापेक्षा लिहून घेतलेला हक्क टिकाऊ.

गृहस्थांना बागेच्या मधोमध तिरकी वाट नको होती. वाट कुठून द्यायची हे ठरवण्याचा पहिला अधिकार कलम १४ ज्याच्या जमिनीवरून ती जाते त्याला देतं, ती वापरणाऱ्याला रास्त सोयीची हवी एवढीच अट. त्यांनी पूर्वेचा बांध पुढे केला. बारा फूट ठरले. सगळे उठायच्या बेतात असताना ट्रॅक्टर चालवणारा काकांचा धाकटा मुलगा म्हणाला, “सरळ बारा फूट चालंल, पण आत वळताना जोडट्रॉली कशी घालायची?” मग दोरी घेऊन सगळे शेतात गेले. कोपरा तिरका कापून वळणावर अठरा फूट सोडायचं ठरलं. मुरूम काकांनी टाकायचा, कुंपण गृहस्थांनी सरकवायचं.

वर्षअखेरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत दावा मिटला. त्या निवाड्यावर अपील नसतं. तरीही वेगळा रस्ता-हक्क दस्त करून तो नोंदवला, कारण दावा होता तिरक्या वाटेचा आणि ठरली होती बांधाची. दाव्याच्या विषयाबाहेरचं काही तडजोडीत आलं की नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. पाठोपाठ सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद झाली.

वेगळं काय करता आलं असतं

वाटणीपत्रात एक ओळ हवी होती: कोणत्या बाजूनं, किती फूट, कोणत्या वाहनासाठी, सोबत हाती काढलेला का होईना नकाशा. अशा दस्तात मी आता विहिरीच्या पाळीआधी रस्ता लिहितो.

खरेदीदारानं शोध अहवालावर भागवलं. अलिखित वाट अहवालात दिसत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत एकदा जागेवर जाऊन ‘मागच्या शेताचा माल कुठून निघतो’ एवढं विचारलं असतं तर किंमत ठरवतानाच हा विषय निघाला असता. जाहीर नोटीस त्यांनी दिली होती, पण ज्या वृत्तपत्रात दिली ते काकांच्या गावात येत नाही.

तहसीलचा अर्ज एकाच कलमाखाली, ‘वापरात असलेली वाट अडवली’ एवढ्याच मुद्द्यावर आणि कुंपण घातल्या घातल्या झाला असता, तर आदेश ऑक्टोबरच्या आसपास हाती असता आणि स्थगितीचा वाद ऊस तुटण्याआधी संपला असता. मे २०२५ च्या शासन निर्णयानं शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद द्यावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर घ्यावी असं सांगितलं आहे. काकांच्या वेळी ते नव्हतं. मात्र अडवणुकीची सहा महिन्यांची मुदत आजही तेवढीच आहे.

आमच्या दस्तातही एक जागा राहिली. काकांची पाइपलाइन अजून जुन्या तिरक्या वाटेखालूनच जाते. ती ठेवण्याचा हक्क वाटणीपत्रात आहे, आणि दुरुस्तीसाठी आत जाण्याचा अधिकार कलम २४ खाली त्याच्या जोडीला येतो. झालेलं नुकसान शक्य तितकं दुरुस्त करून द्यावं, असंही ते कलम सांगतं, पण खणताना आंब्याची मुळं तुटली तर भरपाई कशी द्यायची, हे दस्तात लिहिलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात एक सांधा फुटला तेव्हा दोघांनी मिळून खड्डा घेतला. पुरवणी दस्ताचा मसुदा सध्या गृहस्थांच्या वकिलांकडे आहे.